लवचीकपणाची हद्द

मराठी भाषेने ताठपणाकडे नेहमी दोन नजरांनी पाहिले आहे. ताठ मानेने जगणे हे आपल्याकडे भूषण मानले जाते आणि ताठरपणा हा दोष. लवचीक माणूस समजूतदार ठरतो. तोच थोडा अधिक लवला की लेचापेचा होतो, आणि आणखी लवला की त्याला कणाच नाही असे आपण म्हणू लागतो. एकाच गुणाला भाषेने अशी चार-चार नावे दिली, यावरून एवढे तरी दिसते की या बाबतीत समाजाचे मन निश्चित नाही. कोठवर वाकावे आणि कोठे थांबावे, हा प्रश्न व्यवहारात रोज पडतो आणि रोज प्रसंगापुरता सोडवून बाजूला ठेवला जातो.

महाभारताच्या शान्तिपर्वात भीष्म युधिष्ठिराला समुद्र आणि नद्या यांचा संवाद सांगतो. तुम्ही मुळासकट उपटलेले प्रचंड वृक्ष माझ्याकडे वाहून आणता, पण वेताची काडी कधी आणत नाही, हे कसे, असे समुद्र विचारतो. वेत प्रवाहापुढे लवतो आणि पूर ओसरला की पुन्हा उभा राहतो, असे त्याला उत्तर मिळते. बलिष्ठ शत्रूपुढे दुर्बळ राजाने कसे वागावे, याचा हा पाठ आहे. मात्र तो देणारा कोण, हे विसरून चालणार नाही. हा भीष्म एका न वाकलेल्या प्रतिज्ञेपायी शरशय्येवर पडलेला आहे; आणि द्यूतसभेत द्रौपदीने त्याला प्रश्न केला तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून त्याने निर्णय टाळलेला आहे. प्रतिज्ञेच्या बाबतीत तो ताठ राहिला, न्यायाच्या बाबतीत लवला. त्याच्या ठिकाणी दृढता कमी होती असे कोणी म्हणणार नाही, आणि लवचीकपणाही त्याला ठाऊक होता. चुकली ती जागा. म्हणून हा प्रश्न प्रमाणाचा आहे, थोडे वाकावे थोडे ताठ राहावे म्हणजे झाले, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. लोकोत्तर पुरुषांची मने वज्राहून कठोर आणि फुलाहून कोमल असतात असे भवभूतीने उत्तररामचरितात म्हटले खरे. पण ती कोणाला कळणार, असा प्रश्न करून तोही तेथेच थांबला. आपल्याला नेमके हेच कळायला हवे आहे. जे वाकू शकते आणि जे वाकू शकत नाही, त्यांच्यातील सीमा ओळखायची कशी?

या प्रश्नाचा विचार करताना साहित्याच्या अभ्यासकाने गणिताच्या दारात जावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु गेल्या अर्धशतकात भूमितीची एक शाखा अशी वाढली आहे की जिच्यात ‘लवचीकता’ आणि ‘दृढता’ हे दोन शब्द पारिभाषिक संज्ञा म्हणून वावरतात, आणि त्यांच्यामधील सीमा कोठे पडते हाच जिचा मध्यवर्ती प्रश्न आहे. तिला सिम्प्लेक्टिक भूमिती म्हणतात. हे नाव १९३९ साली हर्मान वाइल या जर्मन गणितज्ञाने ‘द क्लासिकल ग्रुप्स’ या ग्रंथात दिले. त्याने आधी वापरलेल्या लॅटिन शब्दाचा ‘कॉम्प्लेक्स’ संख्यांशी घोटाळा होऊ लागला, म्हणून त्याच शब्दाचे ग्रीक प्रतिरूप त्याने योजले. ‘एकत्र गुंफलेले’ असा त्याचा मूळ अर्थ. साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे थबकावे लागते. आपल्या ‘साहित्य’ शब्दाच्या पोटीही सहितत्वच आहे, आणि शब्द व अर्थ यांच्या सहितत्वाला काव्य म्हणण्याची परंपरा भामहापासून चालत आलेली आहे. या नावांच्या साम्यावरून काही सिद्ध होत नाही. तरीही या भूमितीत काय कशाशी गुंफलेले असते, ते पाहिले पाहिजे.

झोपाळ्याचे उदाहरण घेऊ. एखाद्या क्षणी झोपाळा कोठे आहे एवढेच सांगितले, तर पुढे काय होणार ते कळत नाही. मधोमध असलेला झोपाळा स्तब्ध असेल, किंवा भरवेगाने तेथून जात असेल. त्याची संपूर्ण अवस्था सांगायची तर स्थान आणि संवेग अशा दोन संख्या हव्यात. अवकाशात मोकळा फिरणारा एक कण घेतला, तर तीन स्थाने आणि तीन संवेग मिळून सहा संख्या लागतात. अशा सर्व शक्य अवस्थांचे मिळून जे अनेक मितींचे क्षेत्र होते, त्याला गणितज्ञ एक मॅनिफोल्ड मानतात, म्हणजे जवळून पाहता सपाट भासणारे, पण एकंदरीत कसेही वळलेले असू शकणारे क्षेत्र. त्यात प्रत्येक स्थानाची आपल्या संवेगाशी जोडी बांधलेली असते. ही जोडी म्हणजेच वर उल्लेखिलेली गुंफण. हॅमिल्टनने १८३४-३५ च्या सुमारास गतिशास्त्राची जी मांडणी केली, तिच्यात ही जोडी मध्यभागी आली आणि त्यातूनच पुढे ही भूमिती वाढली.

आता एकाच अवस्थेऐवजी जवळजवळच्या असंख्य अवस्थांचा एक गोळा कल्पावा. काळ पुढे सरकतो तसा हा गोळा वाहू लागतो. तो ताणला जातो, पिळला जातो, त्याला घड्या पडतात, त्याचे लांबच लांब तंतू निघतात. मूळ आकार ओळखूही येत नाही. एक गोष्ट मात्र बदलत नाही, ती म्हणजे त्याचे घनफळ. हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते आणि ते लिऊव्हिलच्या नावाने ओळखले जाते. परंतु घनफळ राखणे ही तशी फार ढिली अट आहे. पाण्याचेही घनफळ कायम राहते, आणि पाणी तर कोणत्याही भांड्याचा आकार घेते, कोणत्याही भोकातून जाते. तेव्हा प्रश्न असा होता की स्थान-संवेगाच्या गुंफणीमुळे या गोळ्यावर घनफळाखेरीज आणखी एखादे बंधन येते काय, की गुंफण हे केवळ सूत्रातले नाव असून प्रत्यक्षात गोळा पाण्यासारखाच वागतो?

हा संशय पोकळ नव्हता. नियम अक्षरशः पाळूनही त्याचा आशय नाहीसा करता येतो, हे भूमितीत आधी एकदा दिसून आले होते. १९५४-५५ साली जॉन नॅश आणि निकोलास कायपर यांनी दाखवले की एखाद्या गोलाचा पृष्ठभाग, त्यावरील कोणत्याही रेषेची लांबी यत्किंचितही न बदलता, हव्या तेवढ्या लहान जागेत मावेल असा दुमडता येतो. त्यासाठी त्या पृष्ठभागावर सूक्ष्म, त्याहून सूक्ष्म, आणखी सूक्ष्म अशा सुरकुत्यांची अनंत मालिका पाडावी लागते. प्रत्येक ठिकाणी निश्चित वक्रता असली पाहिजे अशी अधिक कडक अट घातली, की हे अशक्य होते. पण केवळ लांबी राखण्याची अट असेल, तर फुटबॉल टाचणीच्या डोक्यात बसतो. मापपट्टी लावून तपासणाऱ्याला कोठेही नियमभंग सापडणार नाही. कार्यालयीन कारभार पाहिलेल्या कोणालाही या सुरकुत्यांची ओळख पटावी.

गुंफणीची भूमितीही अशीच सुरकुत्यांनी पोकळ होणारी आहे काय, हा प्रश्न लेनिनग्राडमध्ये शिकलेल्या मिखाईल ग्रोमॉव्ह यांनी अत्यंत धारदार स्वरूपात मांडला. समजा, गुंफणीचा नियम पाळणाऱ्या परिवर्तनांची एक मालिका आहे, आणि तिच्यातील पुढचे पुढचे परिवर्तन एखाद्या अंतिम परिवर्तनाच्या अधिकाधिक जवळ जात आहे. मालिकेतील प्रत्येक परिवर्तन नियमाने चालते. मग ते ज्याच्या जवळ जात आहे, तेही नियमाने चालते काय? चालेलच असे मानण्याचे सकृद्दर्शनी काही कारण नाही, कारण नियम तपासायचा तो अतिसूक्ष्म पातळीवर, आणि जवळ जाणे मोजायचे ते स्थूल नजरेने. ग्रोमॉव्ह यांनी दाखवले की येथे दोनच शक्यता आहेत. एक तर नियम शेवटपर्यंत टिकतो. नाहीतर तो इतका ढासळतो की घनफळ राखणारे कोणतेही परिवर्तन, नियम पाळणाऱ्या परिवर्तनांच्या साह्याने, हवे तेवढे जवळ गाठता येते. मधली वाट नाही. दुसरी शक्यता खरी ठरली असती, तर सिम्प्लेक्टिक भूमितीच्या नावाने स्थूल पातळीवर वेगळे असे काही उरलेच नसते. ज्याच्या जवळ सर्वांना जाता येते, ते कोणापासूनच वेगळे राहत नाही.

मला या पेचात एका जुन्या नैतिक प्रश्नाचे नितळ रूप दिसते. माणसे तत्त्वे एकदम सोडत नाहीत. प्रत्येक तडजोड अगदी लहान असते, प्रत्येक पावलाचे समर्थन करता येते, प्रत्येक पाऊल स्वतंत्रपणे पाहिले तर नियमात बसते. प्रश्न असतो तो या पावलांच्या शेवटी आपण कोठे पोचलो, याचा. लहान आणि नियमशुद्ध अशा पावलांनी जर कोठेही पोचता येत असेल, तर त्या तत्त्वाला प्रत्यक्षात अस्तित्वच नव्हते, केवळ नाव होते, असे म्हणावे लागेल.

भूमितीत निकाल पहिल्या शक्यतेच्या बाजूने लागला. लेनिनग्राडचेच याकोव्ह एलियाशबर्ग यांनी आणि स्वतः ग्रोमॉव्ह यांनी वेगवेगळ्या मार्गांनी सिद्ध केले की नियम शेवटपर्यंत टिकतो. आज तो सिद्धान्त दोघांच्या नावाने ओळखला जातो. ही दृढता किती मूर्त आहे, हे ग्रोमॉव्ह यांच्या १९८५ सालच्या एका निबंधाने दाखवले. त्यातील निष्कर्ष असा : गुंफण राखणाऱ्या कोणत्याही परिवर्तनाने एखादा गोल त्याच्यापेक्षा लहान त्रिज्येच्या, पण अनंत लांबीच्या नळकांड्यात शिरवता येत नाही. नळकांडे अनंत लांब असल्यामुळे घनफळाची मुळीच अडचण नाही. पाणी असते तर सहज गेले असते. गोल कितीही ताणावा, पिळावा, त्याचे तंतू काढावेत. स्थान आणि त्याचाच संवेग यांच्या जोडीच्या प्रतलावर त्याची जी सावली पडते, तिचे क्षेत्रफळ मूळ वर्तुळापेक्षा कधीच कमी होत नाही. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. नळकांड्याचे तोंड जर एका स्थानाच्या आणि दुसऱ्या एखाद्या स्थानाच्या, म्हणजे जोडी नसलेल्या दोन राशींच्या प्रतलावर असेल, तर गोल खुशाल दाबता येतो. दोन्ही स्थाने आकुंचित करावीत आणि त्यांचे संवेग तेवढेच पसरू द्यावेत. बंधन आहे ते केवळ जोडीपुरते. इतरत्र पूर्ण मोकळीक आहे. सुईच्या नाकातून उंट जाणे सोपे, पण श्रीमंताला स्वर्गराज्यात प्रवेश कठीण, या ख्रिस्तवचनाची आठवण ठेवून गणितज्ञांनी याच जातीच्या एका सिद्धान्ताला ‘उंटाचा सिद्धान्त’ असे नाव दिले आहे.

एवढ्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की जे टिकते ते आकाराच्या रूपाने टिकत नाही. बाह्य आकार, ठेवण, दिशा यांपैकी काहीही पणाला लावता येते. टिकतो तो दोन गोष्टींमधील संबंध. भीष्माने प्रतिज्ञेचा आकार राखला. ज्या लोकहितासाठी राजकुलाची निष्ठा घ्यायची असते, त्याच्याशी असलेली तिची जोडी मात्र सभेत सुटली. दुसरी गोष्ट अशी की एकंदर हिशेब जुळला म्हणजे बंधन पाळले गेले असे होत नाही. घनफळ कायम असते तरी गोल त्या नळकांड्यात शिरू शकत नाही. नीतीच्या क्षेत्रात घनफळाचा युक्तिवाद फार लोकप्रिय आहे. एका ठिकाणी शब्द आणि कृती यांतील अंतर दाबून लपवावे आणि दुसरीकडे दानधर्माने भरपाई करावी. एका माणसावर अन्याय झाला तरी समाजाचे एकंदर कल्याण वाढले, असे म्हणावे. बेरीज बरोबर असते. परंतु आश्वासन ज्याला दिले त्याच्याशीच ते जोडलेले असते. त्याची भरपाई तिसऱ्याकडे करता येत नाही.

या भूमितीची महत्त्वाची पाने ज्या देशात आणि ज्या काळात लिहिली गेली, तेथे हा प्रश्न केवळ गणिताचा नव्हता. कार्यकारणाचा दावा न करता दोन घटना शेजारी ठेवाव्याशा वाटतात. सप्टेंबर १९६५ मध्ये मॉस्कोत आंद्रेई सिन्याव्स्की आणि यूली डॅनिएल या दोन लेखकांना अटक झाली. टोपणनावांनी परदेशात कथा प्रसिद्ध केल्या, हे त्यांचे कृत्य. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांना अनुक्रमे सात आणि पाच वर्षांची श्रमछावणीची शिक्षा झाली. खटल्यात त्यांच्या कथांतील पात्रांची वाक्ये लेखकांची मते म्हणून वाचली गेली. उपरोधाला सरळ विधान मानले गेले. अर्थनिर्णयनाची लवचीकता येथे फिर्यादी पक्षाच्या हाती आली होती. संहितेतून काहीही निघते असे मानणाऱ्या समीक्षकाने या खटल्याचे वृत्त एकदा जरूर वाचावे. वाचकाच्या स्वातंत्र्याचा मी विरोधक नाही. एका कवितेचे दहा अर्थ लागावेत याचा मला आनंदच आहे. परंतु पात्र आणि लेखक, वाक्य आणि त्याचा स्वर, या जोड्या सोडल्या, तर मागे उरते ते शब्दांचे घनफळ, आणि ते कोणत्याही आरोपपत्राच्या आकारात ओतता येते.

या अटकेनंतर ५ डिसेंबर १९६५ रोजी, म्हणजे सोव्हिएत संविधानदिनी, मॉस्कोच्या पुश्किन चौकात एक लहानसे निदर्शन झाले. त्यामागची कल्पना अलेक्सांद्र येसेनिन-वोल्पिन या गणितज्ञाची होती. हा तर्कशास्त्राचा अभ्यासक कवी सर्गेई येसेनिनचा मुलगा होता आणि स्वतःही कविता लिहीत असे. त्याने क्रांतीची मागणी केली नाही, राज्यव्यवस्था बदला असेही म्हटले नाही. फलकांवरील मागण्या दोन होत्या : लेखकांचा खटला खुलेपणाने चालवा आणि सोव्हिएत संविधानाचा आदर करा. १९३६ च्या त्या संविधानात भाषणस्वातंत्र्य होते. पण ते श्रमिकांच्या हिताला अनुसरून आणि समाजवादी व्यवस्था दृढ करण्यासाठी, अशा शब्दांत दिलेले होते. या शब्दांना किती सुरकुत्या पाडता येतात हे सर्वांना ठाऊक होते. संविधानाचा पृष्ठभाग अखंड होता, त्यातील प्रत्येक कलमाची लांबी शाबूत होती, आणि तरीही ते एका मुठीत मावत होते. वोल्पिन म्हणत होता की हा कागद खरोखर नियम असेल, तर त्याने काहीतरी अशक्य केले पाहिजे. सगळेच त्यात बसत असेल तर तो नियमच नव्हे. ग्रोमॉव्ह यांच्या दोन शक्यतांपैकी कोणती खरी, एवढेच तो राज्यसंस्थेला विचारत होता, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते.

१९६८ च्या प्रारंभी वोल्पिनला बळाने मनोरुग्णालयात टाकण्यात आले. त्याविरुद्ध लिहिलेल्या पत्रावर ९९ गणितज्ञांनी सह्या केल्या. त्यांत व्लादिमिर अर्नोल्ड होते. ज्यांच्या १९६०च्या दशकातील अनुमानांनी सिम्प्लेक्टिक भूमितीतील दृढतेच्या संशोधनाला दिशा दिली, तेच हे अर्नोल्ड. सह्या करणाऱ्यांपैकी काहींना नोकऱ्या गमवाव्या लागल्या, अनेकांवर अन्य निर्बंध आले. काही महिन्यांनी वोल्पिनची सुटका झाली. १९७२ साली त्याने देश सोडला. १९७० च्या नीस येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेचे ग्रोमॉव्ह यांना निमंत्रण होते, पण त्यांना जाऊ दिले गेले नाही. १९७४ साली तेही बाहेर पडले. एलियाशबर्ग १९८० ते १९८७ अशी सात वर्षे विद्यापीठाबाहेर, संगणक-प्रणाली तयार करणाऱ्या एका गटात काम करीत होते. १९८८ साली ते अमेरिकेत गेले. या माणसांना केवळ ताठपणाचे पुतळे करणे अन्यायाचे होईल. सह्या करणाऱ्यांतील बहुतेकांनी त्याच संस्थांत पुढेही शिकवले, त्याच व्यवस्थेचे अर्ज भरले, गप्प बसण्याच्या अनेक जागी ते गप्प बसले असतील. पुष्कळ ठिकाणी त्यांनी वेताची वृत्ती ठेवली. एका ठिकाणी, शहाण्या माणसाला वेडा म्हणण्याच्या प्रसंगी, त्यांची सावली लहान होईना.

ही जागा आधी कशी ओळखायची, हा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. गणिताचे या बाबतीतील वर्तन उद्बोधक आहे. लवचीकता सिद्ध करायची तर रचना करून दाखवावी लागते. दृढता सिद्ध करायची तर कोणतीही रचना शक्य नाही हे दाखवावे लागते. या दोन्ही वाटा एकाच माणसाने उघडल्या, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. ग्रोमॉव्ह यांची आरंभीची कीर्ती ज्या कामामुळे झाली, ते वाकवण्याच्या पद्धतींचे होते; अशक्य वाटणारे कितीतरी आकार शक्य आहेत हे त्यांनी दाखवले. सर्व युक्त्या ज्याला अवगत होत्या, त्यालाच कोणती युक्ती चालत नाही हे सांगण्याचा अधिकार आला. ज्याने कधी वाकून पाहिले नाही, त्याच्या ताठपणाची परीक्षा झालेली नसते. तो ताठा तत्त्वाचा आहे की सांधे आखडल्याचा, हे त्यालाही ठाऊक नसते.

शिवाय ही सीमा सरळ रेषेसारखी नसते. डुसा मॅकडफ आणि फेलिक्स श्लेंक यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात चार मितींचा दीर्घगोल गोलात बसवण्याचा प्रश्न पूर्णपणे सोडवला. दीर्घगोल जसजसा लांबट करावा तसतसा त्याला सामावणारा गोल किती मोठा लागतो, हे त्यांनी मोजले. लांबटपणाचे गुणोत्तर सुमारे ६.८५ होईपर्यंत उत्तर एका अनंत पायऱ्यांच्या जिन्यासारखे येते : काही टप्प्यांत गोल मुळीच वाढवावा लागत नाही, मग एकदम चढ लागतो. गुणोत्तर ८ पूर्णांक १/३६ च्या पुढे गेले की मात्र घनफळाखेरीज कोणतेच बंधन उरत नाही. तेथे सर्वत्र लवचीकतेचे राज्य. मधल्या पट्ट्यात दोन्हींची सरमिसळ आहे.

या जिन्याच्या पायऱ्या २, ५, १३, ३४ अशा संख्यांनी ठरतात. छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला हे आकडे ओळखीचे आहेत. दोन मात्रा लघु-गुरूंनी भरण्याचे २ प्रकार होतात, चार मात्रांचे ५, सहांचे १३, आठांचे ३४. विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तांच्या संदर्भात ही मोजणी सांगितली आहे. पाश्चात्य गणितात ती फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध झाली. ६.८५ ही संख्यासुद्धा याच मालिकेतून निघणाऱ्या सुवर्ण-गुणोत्तराचा चौथा घात आहे. यात गूढ शोधण्याचे कारण नाही. मात्र सुवर्णमध्याचा उपदेश करणाऱ्यांनी एवढे पाहावे की येथे सुवर्ण-गुणोत्तर आले ते दोन टोकांच्या मधला सोयीचा बिंदू म्हणून आलेले नाही. सीमा कोठे आहे हे एकेक पायरी चढूनच कळले. मात्रावृत्त लिहिणाऱ्या कवीलाही हा अनुभव असतो. लघु-गुरूंची जागा तो हवी तशी बदलतो, पण मात्रांची संख्या बदलू शकत नाही. आणि कोणत्या बदलाने ओळ मोडते हे त्याला लिहूनच उमगते.

शेवटी एका भेदाची नोंद केली पाहिजे, नाहीतर हे सारे विवेचन सोयीचे रूपक होऊन बसेल. गणितातील अशक्य हे खरोखर अशक्य असते. नीतीत तसे नसते. तेथे उंट सुईतून जातो, रोज जातो. जोड्या तुटतात, सभेत बसलेले वृद्ध गप्प राहतात, आणि सूर्य उगवायचा थांबत नाही. मग भूमितीने आपल्याला शिकवले ते काय?

याचे उत्तर झोपाळ्याकडेच आहे. वर सांगितलेले सर्व सिद्धान्त घर्षण नसलेल्या गतीला लागू आहेत. प्रत्यक्षातला झोपाळा हळूहळू थांबतो, कारण कड्यांमध्ये आणि हवेत घर्षण आहे. घर्षण आले की अवस्थांचा गोळा आकसू लागतो, जोडीच्या प्रतलावरील सावली लहान होत जाते, आणि अखेरीस सगळ्या अवस्था एकाच स्तब्ध बिंदूत गोळा होतात. तेव्हा सावली लहान झालेली दिसली, की सिद्धान्त खोटा ठरला असे आपण म्हणत नाही. कोठेतरी ऊर्जा गळते आहे, असे म्हणतो आणि ती जागा शोधू लागतो. नीतीच्या नियमांचेही सामर्थ्य मला अशाच प्रकारचे वाटते. ते कोणाला अडवत नाहीत. पण उंट सुईतून गेला असे दिसले, की वाटेत काहीतरी सोडून दिले गेले आहे हे त्यांच्या आधारे कळते, आणि काय सोडले गेले असा प्रश्न विचारता येतो. १९६८ च्या त्या पत्राने रशियातील मनोरुग्णालयांचा दुरुपयोग थांबला नाही. पुढे कितीतरी वर्षे तो चालू राहिला. एका ठिकाणी गळती आहे, एवढे नव्याण्णव माणसांनी लिहून ठेवले आणि खाली आपली नावे घातली.